हळदीचा डाग, साबण आणि रेझोनन्सची भानगड

पांढऱ्या टॉवेलला वरणाचा हात पुसला की पिवळा डाग पडतो हे सगळ्यांना माहितीय, आणि त्या डागावर साबण घासला की डाग जायच्याऐवजी एकदम लालभडक होतो हे ज्यानं एकदा तरी आपले कपडे आपण धुतलेत त्याला माहितीय. आमचं सोलापूर म्हणजे गावच टॉवेल-चादरीचं, घराघरात ढीग असतोय, त्यामुळं असले प्रयोग करायला सामान कमी पडत नाही. मागच्या महिन्यात माझी भाची, बीएस्सी पहिल्या वर्षाला आहे, असाच एक टॉवेल धरून आली आणि म्हणाली, "ओ मामा, रक्त नाही बरं का हे, हळदय. असं कसं काय झालं?" मी म्हटलं लिंबू पीळ त्याच्यावर. पिळलं, परत पिवळा. परत साबण लावला, परत लाल. असं चार-पाचदा झालं तेवढ्यात ताई आली आणि टॉवेल आणि अर्धं लिंबू दोन्ही हिसकावून घेऊन गेली.

गंमत अशी की त्याच दिवशी तिच्या वहीत एक वाक्य दिसलं, लाल पेनानं दोनदा अधोरेखित केलेलं. फिनॉल हा अल्कोहोलपेक्षा जास्त आम्लधर्मी असतो कारण फिनॉक्साइड आयनला रेझोनन्समुळं स्थैर्य मिळतं. (फिनॉल म्हणजे सहा कार्बनच्या बेंझिनच्या कडीला ओएच, म्हणजे ऑक्सिजन आणि त्याला धरून हायड्रोजन, लागलेला पदार्थ; त्यातला हायड्रोजन प्रोटॉन होऊन गेला की निगेटिव्ह चार्जवालं जे उरतं ते फिनॉक्साइड आयन.) मी विचारलं याचा अर्थ काय, तर म्हणाली, "मामा, पाठय, पण कळंना झालंय." खरंय, हे वाक्य महाराष्ट्रात दरवर्षी लाखभर पोरं पाठ करत असतील आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्यातला 'कारण' हा शब्द नुसता गिळावा लागतो. मी तिला म्हटलं तुझं हे वाक्य आणि तो टॉवेल, दोन्ही एकच भानगड आहे. मग बसलो. मी काही प्राध्यापक नाही, केमिस्ट्रीत बीएस्सी केलं आणि बरीच वर्षं डाइंगमध्ये काढली, कॉस्टिकनं बोटांची सालं घालवून घेतली, त्यामुळं जे सांगतोय ते थोडं पुस्तकातलं आणि थोडं हाताला लागलेलं आहे.

पहिली गोष्ट. ॲसिड म्हणजे एच प्लस सोडणारा, म्हणजे प्रोटॉन सोडणारा. हे सगळ्यांना येतं. पण पोरं चुकतात कुठं, तर ती ॲसिडकडंच बघत बसतात. याच्यात ओएच आहे, त्याच्यातपण ओएच आहे, मग हा जास्त आणि तो कमी का? ओएचकडं बघून ते कधीच कळणार नाही, कारण दोन्हीकडं ओएच सारखाच दिसतो. बघायचं ते प्रोटॉन गेल्यावर मागं काय उरलं त्याच्याकडं. प्रोटॉन जाताना एकटा जातो, बाँडमधले दोन्ही इलेक्ट्रॉन मागं टाकून जातो, म्हणजे मागं जो राहिला त्याच्या डोक्यावर एक आख्खा निगेटिव्ह चार्ज बसतो. तो चार्ज त्याला निवांत सांभाळता आला तर प्रोटॉन सहज सुटतो. नाही सांभाळता आला तर तो प्रोटॉनला सोडतच नाही, आणि सुटला तरी लगेच परत ओढून घेतो. एवढंच आहे. बाकी सगळा धडा म्हणजे हा चार्ज कोण किती निवांत सांभाळतो याची चौकशी आहे.

आकड्यात बघायचं तर पीकेए. आकडा जितका लहान तितकं ॲसिड तगडं, आणि एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट. हे दहापटवालं लोक विसरतात आणि मग १६ आणि १० मध्ये 'थोडासाच' फरक आहे म्हणतात. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, तिथल्या मळीपासनं जे इथेनॉल बनतं त्याचा पीकेए साधारण १६. फिनॉलचा साधारण १०. सहा आकडे म्हणजे दहाचा सहावा घात, म्हणजे १० लाखपट. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड ४.७६, म्हणजे फिनॉलच्याही पुढं दीडेक लाखपट. तिघांतही प्रोटॉन सुटतो तो ऑक्सिजनवरनंच. मग एवढा फरक आला कुठनं?

आता चहा आठवा. कपात उकळता चहा आहे, तोंड लावता येत नाही, तुम्ही काय करता? बशीत ओतता. चहा तेवढाच, पण पसरला, निवला. चार्जचंही असंच आहे. एका छोट्या जागेत कोंबलेला चार्ज म्हणजे कपातला उकळता चहा, आणि पसरलेला चार्ज म्हणजे बशीतला. हायड्रोजन फ्लोराइडचा पीकेए ३.२ आहे आणि हायड्रोजन आयोडाइडचा उणे १० च्या आसपास, याला कारण बरचसं हेच, की आयोडाइड आयन आकारानं मोठा, मोठी बशी. (आवर्तसारणीच्या एकाच ओळीतले अणू बघितले तर तिथं आकार फार बदलत नाही, तिथं इलेक्ट्रॉनची हाव कुणाला जास्त हे बघायचं: मिथेन ५०, अमोनिया ३८, पाणी १५.७, मग एचएफ. कार्बनला निगेटिव्ह चार्ज नकोच असतो, ऑक्सिजनला चालतो. हे एक ध्यानात ठेवा, पुढं फार कामाला येणारय.)

पण आपल्या तिघांत अणू तर एकच आहे, ऑक्सिजन. मग बशी कुठली? तर ती बशी म्हणजे रेझोनन्स.

इथेनॉलचा प्रोटॉन गेला की चार्ज त्या एका ऑक्सिजनवर बसतो आणि तिथंच बसून राहतो, शेजारी जो कार्बन आहे त्याचे चारी हात भरलेले, तो काही घेऊ शकत नाही. ॲसिटिक ॲसिडचा प्रोटॉन गेला की शेजारच्या कार्बनला आधीच दुसऱ्या ऑक्सिजनबरोबर डबल बाँड आहे. म्हणजे इकडच्या ऑक्सिजननं आपली जोडी बाँड म्हणून आत सरकवली तर तिकडचा डबल बाँड उघडून तिकडच्या ऑक्सिजनवर चार्ज जाऊ शकतो. कागदावर दोन चित्रं निघतात, एकात चार्ज डावीकडं, दुसऱ्यात उजवीकडं, आणि मधी तो दोन तोंडांचा बाण.

आता इथं जवळजवळ प्रत्येक पोरगं घसरतं. भाचीपण घसरली. "म्हणजे चार्ज इकडनं तिकडं उड्या मारत असतो." नाही. अजिबात नाही. उड्या मारत नाही, बदलत नाही, एका सेकंदाला हे आणि दुसऱ्या सेकंदाला ते असलं काही नाही. मी कपाटातली चादर काढली. आपली सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, एका बाजूला लाल जमिनीवर हिरवी नक्षी असली तर उलट्या बाजूला हिरव्या जमिनीवर लाल नक्षी, विणतानाच दोन रंगांची सुतं तशी आत-बाहेर जातात. आता ज्या माणसानं चादर कधी बघितलीच नाही त्याला मोबाइलवर दोन फोटो पाठवले, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, तर तो म्हणेल अरे ही चादर रंग बदलतीय की काय. चादर काही बदलत नाही हो, चादर एकच आहे, तुमच्या फोटोत ती आख्खी मावत नाही म्हणून दोन काढावे लागले. ॲसिटेटचं तसंच. आपली चित्र काढायची पद्धत, म्हणजे रेघ मारली की एक बाँड, दोन मारल्या की डबल, ती पद्धत अपुरी आहे, तिला दीड बाँड काढता येत नाही, म्हणून आपण दोन चित्रं काढतो आणि म्हणतो खरं या दोन्हींचं मिळून आहे. उपमा तिथंच थांबवा हं, कारण चादरीला निदान दोन बाजू खरोखर असतात, ॲसिटेटला तेवढ्यापण नसतात. त्या दोन चित्रांतलं एकही कुठल्याही बाटलीत कधीच नसतं.

पुरावा पाहिजे? बाँडची लांबी मोजा. ॲसिटिक ॲसिडमध्ये कार्बन-ऑक्सिजनचा डबल बाँड अंदाजे १.२१ अँगस्ट्रॉम (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक) आणि सिंगल १.३६. प्रोटॉन गेला की ॲसिटेटमधली दोन्ही अंतरं सारखी होतात, १.२६ च्या आसपास, मधलीच. उड्या मारत असता तर एक आखूड एक लांब सापडलं असतं. बेंझिनचंपण तेच, तिथं साही बाँड १.३९, म्हणजे सिंगलचं १.५४ नाही आणि डबलचं १.३४ नाही. केक्युलेनं १८६५ साली बेंझिनची कडी मांडली तेव्हा त्याला हे मोजायची सोय नव्हती, नंतर १९३० च्या दशकात लायनस पॉलिंगनं क्वांटमच्या आधारानं रेझोनन्सची ही भाषा पक्की केली. आणि ही कल्पना एवढी साधी वाटते ना, तिच्यावरनं राजकारण झालंय राव. १९५१ साली मॉस्कोत मोठी परिषद भरवून रेझोनन्सच्या सिद्धांतावर जाहीर टीका केली गेली, की जी चित्रं खरी अस्तित्वातच नाहीत ती वापरणं म्हणजे भांडवलशाही जगातला भाववाद आहे. आता त्यांची शंका अगदीच वेडी नव्हती, चित्रं खोटी आहेत हे खरंच आहे, पण त्यात पॉलिंगचा काय दोष, चित्रं मिळून जे सांगतात ते बरोबर निघतं हा मुद्दा.

चित्रं काढताना एवढं सांभाळा: हलतात ते फक्त इलेक्ट्रॉन, तेही लोन पेअर (बाँडमधी न अडकलेली मोकळी जोडी) किंवा पाय बाँडचे (डबल बाँडमधला दुसरा बाँड). अणू जागचा हलला, हायड्रोजनसुद्धा, तर ते रेझोनन्स नाही, ती वेगळी वस्तू झाली, तिला टॉटोमर म्हणतात. कार्बनला पाचवा हात फुटला तर पेपर तपासणारा तिथंच गोल करतो. बाण सुरू होतो इलेक्ट्रॉनपासनं, चार्जच्या चिन्हापासनं नाही, आणि नक्की प्लस चिन्हापासनं तर नाहीच नाही.

आता फिनॉल. फिनॉलचा प्रोटॉन गेला की फिनॉक्साइड, आणि इथं ऑक्सिजनच्या शेजारी आख्खी बेंझिनची कडी आहे. ऑक्सिजननं जोडी आत सरकवली की चार्ज कडीवर जातो, पण कुठंही नाही, फक्त दोन्ही ऑर्थो (ऑक्सिजनवाल्या कार्बनच्या लगतच्या) आणि एका पॅरा (बरोबर समोरच्या) कार्बनवर. मेटावर, म्हणजे या दोन्हींच्या मधल्या कार्बनवर, जातच नाही, बाण काढून बघा, जमणारच नाही. म्हणजे ऑक्सिजन आणि तीन कार्बन, चार ठिकाणी चार्ज पसरला. भाची लगेच म्हणाली, "मग चार चित्रं म्हणजे दोनपेक्षा जास्त, म्हणजे फिनॉक्साइड ॲसिटेटपेक्षा शांत पाहिजे ना? मग ॲसिटिक ॲसिड पुढं कसं?"

हा प्रश्न विचारला ना तिनं तेव्हा मला वाटलं आता हिला येणार. कारण 'जितकी जास्त चित्रं तितकं जास्त स्थैर्य' हे अर्धंच खरंय, आणि अर्धं खरं परीक्षेत फार घात करतं. समजा खानावळीत जेवायला गेला, बिल आलं. दोन दोस्त आहेत आणि दोघंही अर्धे अर्धे द्यायला तयार आहेत, विषय संपला. दुसऱ्या टेबलावर चौघं आहेत, पण त्यातले तिघं बिल आलं की "आलोच हात धुऊन" म्हणून उठणारे. तिथं भार कुणावर? एकट्यावरच, बाकीचे दहा-वीस रुपये टेकवतात फार तर. ॲसिटेटमधी दोन ऑक्सिजन आहेत, दोघंही सारखे, दोघांनाही चार्ज चालतो, म्हणून अर्धा अर्धा. फिनॉक्साइडमधी तीन कार्बन आहेत आणि मघाशी सांगितलं तसं कार्बनला चार्ज नकोच असतो, ते हात धुवायला जाणारे. शिवाय चार्ज कडीवर गेला की बेंझिनचं ते बेंझिनपण, ॲरोमॅटिकपण मोडतं, म्हणजे त्या चित्रांना किंमत आणखी कमी. थोडी मदत होते, इथेनॉलपेक्षा १० लाखपट पुढं जाण्याइतकी होते, पण ॲसिटेटची बरोबरी होत नाही. म्हणून चित्रं मोजू नका, प्रत्येक चित्रात चार्ज कुणाकडं गेला ते बघा.

हे बाटलीतपण बघता येतं, प्रॅक्टिकलला प्रत्येकानं केलेलं असतं पण का केलं ते कुणी सांगत नाही. खायचा सोडा टाकला की व्हिनेगर फसफसतं, फिनॉल फसफसत नाही. सोड्याकडनं प्रोटॉन घेतला गेला की कार्बोनिक ॲसिड बनतं आणि त्याचा गॅस उडतो, या कार्बोनिक ॲसिडचा पीकेए ६.३५. ॲसिटिक ॲसिड ४.७६ म्हणजे त्याच्यापेक्षा तगडं, ते प्रोटॉन ढकलून देतं. फिनॉल १० म्हणजे कमजोर, त्याची टाप नाही. पण कॉस्टिक सोडा टाका, फिनॉल मुकाट्यानं विरघळतो. मिक्श्चर वेगळं करायच्या प्रॅक्टिकलचा आख्खा डाव या तीन आकड्यांवर उभा आहे.

मग फिनॉलला आणखी तगडं करायचं असेल तर? हात धुवायला जाणाऱ्या कार्बनच्या मागं एखादा पैसेवाला उभा करायचा. पॅरा जागी नायट्रो गट (एक नायट्रोजन, त्याला दोन ऑक्सिजन) लावला की कडीवरचा चार्ज त्या पॅरा कार्बनपर्यंत येतो आणि तिथनं पुढं नायट्रोच्या ऑक्सिजनवर जातो, ऑक्सिजनला तो चालतो. पीकेए १० वरनं ७.१५. तोच नायट्रो मेटा जागी लावला तर ८.४ च्या आसपासच अडकतो, कारण चार्ज मेटावर जातच नाही ना, मग नायट्रोपर्यंत पोचणार कसा, तो लांबनं नुसतं ओढून जेवढी मदत करेल तेवढीच. पॅरा आणि मेटा या दोन आकड्यांतला फरक म्हणजे रेझोनन्स निव्वळ कागदावरची करामत नाही याचा माझ्या मते सगळ्यात चांगला दाखला, पुस्तकात तो कोष्टकाच्या कोपऱ्यात टाकतात. दोन ऑर्थो आणि एक पॅरा, तिन्ही जागी नायट्रो लावले की पिक्रिक ॲसिड, पीकेए ०.४ च्या घरात, नाव फिनॉलचं आणि ताकद भल्याभल्या ॲसिडांना लाजवणारी. एकोणिसाव्या शतकात रेशीम पिवळं रंगवायला वापरायचे ते, आणि नंतर तोफगोळ्यात भरायला. एकाच पदार्थाचे दोन धंदे.

एक कबुली द्यायला पाहिजे. ॲसिटिक ॲसिडचं सगळं श्रेय रेझोनन्सला देणं हेही जरा जास्तच होतं. डबल बाँडवाला ऑक्सिजन त्या मधल्या कार्बनचे इलेक्ट्रॉन आधीच ओढून बसलेला असतो, कार्बन जरा पॉझिटिव्हकडं झुकलेला, त्यामुळं शेजारी निगेटिव्ह चार्ज आला की त्याला आधार मिळतो, रेझोनन्स धरला नाही तरी. यातला वाटा कुणाचा किती यावर मोठमोठ्या लोकांनी वाद घातलेत. पहिल्या वर्षाला दोन्ही लिहा, मार्क कुणी कापत नाही. या ओढाओढीला इंडक्शन म्हणतात, ॲसिटिक ॲसिडच्या मिथाइलवर एक क्लोरीन बसवला की २.८६, तीन बसवले की ०.६५, क्लोरीन लांब सरकवला की असर झपाट्यानं उतरतो. 

उलटी बाजू बघू, म्हणजे बेस. बेस प्रोटॉन घेतो आणि घ्यायला त्याच्याकडं मोकळी जोडी पाहिजे. ॲनिलिनमधी, म्हणजे बेंझिनच्या कडीला नायट्रोजन लागलेल्या पदार्थात, नायट्रोजनची जोडी मोकळी दिसते खरी, पण ती कडीत पसरलेली असते, बशीत आधीच ओतलेली, परत कपात भरून प्रोटॉनला द्यायला ती तयार नसते. सायक्लोहेक्झिलअमाइनमधी कडी आहे पण पाय बाँड नाहीत, जोडी नायट्रोजनवरच बसून, दिली लगेच. दोघांच्या प्रोटॉन घेतलेल्या रूपांचे पीकेए बघितले तर ४.६ आणि १०.६, परत सहा आकडे, परत १० लाखपट. अमाइडमधी तर नायट्रोजनची जोडी शेजारच्या कार्बोनिलनं (कार्बन-ऑक्सिजनचा डबल बाँड) एवढी ओढलेली असते की तगडं ॲसिड टाकलं तर प्रोटॉन नायट्रोजनवर बसायच्याऐवजी ऑक्सिजनवर बसतो. म्हणजे लक्षात आलं का, तीच एक गोष्ट आहे: प्रोटॉन गेल्यावर चार्ज पसरून शांत झाला तर ॲसिड तगडं, आणि पसरून शांत बसलेली जोडी म्हणजे कमजोर बेस.

आता माझा आवडता भाग, कारण हा मी डोळ्यांनी बघितलाय. सुतावर नॅप्थॉलचा रंग कसा चढतो? नॅप्थॉलची पावडर नुसत्या पाण्यात विरघळत नाही, तरंगत बसते किंवा गोळे होतात. कॉस्टिक टाकलं की विरघळली. का? नॅप्थॉल म्हणजे दोन कड्यांचा फिनॉलच, त्याच्या ओएचचा प्रोटॉन कॉस्टिकनं काढला, चार्ज आला, पाण्यात गेला. सुताच्या लडी त्यात बुडवायच्या, पिळायच्या आणि मग डायझोच्या (डायझोनियम, म्हणजे टोकाला दोन नायट्रोजन असलेला पॉझिटिव्ह आयन) बाथमधी घालायच्या. बाथमधी बर्फ लागतो, शून्य ते पाच डिग्रीत ठेवावा लागतो कारण डायझोनियम तापलं की नायट्रोजन सोडून मरतं, म्हणून या रंगांना आइस कलर म्हणायचे, आणि सोलापूरच्या मे महिन्यात, बाहेर ४३-४४ डिग्री, बर्फाच्या लाद्या फोडून बाथ सांभाळायचा म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा. लडी आत गेली की बघता बघता रंग फुटतो, सुताच्या आतच तयार होतो.

पण गंमत रंगाची नाहीच, जागेची आहे. बीटा नॅप्थॉलमधी ओएच दोन नंबरच्या कार्बनवर असतो, प्रोटॉन ऑक्सिजनवरनं गेला, मग पॉझिटिव्ह डायझोनियम येऊन चिकटायला पाहिजे ऑक्सिजनला, नाही का? तिथं निगेटिव्ह चार्ज आहे ना. चिकटतो कुठं, तर शेजारच्या एक नंबरच्या कार्बनला. तोच कार्बन, ज्याच्यावर आपण कागदावर बाण फिरवून चार्ज नेला होता. 'खोट्या' चित्रातला चार्ज, आणि तिथंच बाँड होतो, तिथंच रंग तयार होतो. पॅरा-नायट्रोॲनिलिनपासनं केलेलं डायझो असेल तर लाल, त्याला पॅरा रेडच म्हणतात. (सुतासाठी साध्या बीटा नॅप्थॉलपेक्षा त्याचे एएस जातीचे भाऊबंद जास्त वापरतात, ते सुताला घट्ट धरतात, पण जागा तीच, एक नंबर.) हे मला बीएस्सीच्या वर्गात नाही कळलं, बाथच्या कडेला उभं राहून कळलं, आणि तेव्हा वाटलं की हे कुणी आधी सांगितलं असतं तर ती चित्रं मी शिक्षा म्हणून काढली नसती.

तर आता तो टॉवेल. हळदीतलं करक्यूमिन म्हणजे दोन टोकांना दोन फिनॉलच्या कड्या, आणि मधी डबल बाँडांची लांब साखळी, साखळीच्या मध्यावर दोन ऑक्सिजन, बीटा-डायकीटोन म्हणतात ते. साध्या ॲसिटोनचा पीकेए १९-२० असतो पण दोन कार्बोनिलच्या मधी बसलेल्या हायड्रोजनचा, ॲसिटिलॲसिटोनमधी, एकदम ९, कारण तिथला चार्ज दोन ऑक्सिजनांत वाटला जातो, ॲसिटेटसारखाच पण लांबनं. म्हणजे हळदीत प्रोटॉन सोडायला तयार जागा तीन. शिवाय टोकाच्या फिनॉलचा ओएच साखळीच्या पॅरा जागी आहे, म्हणजे त्याचा प्रोटॉन गेला की चार्ज कडीतनं, साखळीतनं पळत मधल्या ऑक्सिजनपर्यंत पोचतो, आपल्या पॅरा-नायट्रोफिनॉलची गोष्ट तशीच्या तशी, फक्त बशी आणखी लांबलचक.

साबण अल्कधर्मी, त्यानं प्रोटॉन काढला. चार्ज एवढा पसरला की इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर चढायला लागणारी ऊर्जा कमी झाली, मघापर्यंत रेणू निळा उजेड शोषत होता म्हणून आपल्याला पिवळं दिसत होतं, आता शोषण हिरव्याकडं सरकलं, म्हणून तांबडं. लिंबू पिळलं, प्रोटॉन परत बसला, परत पिवळं. काही जळलं नाही, काही धुतलं गेलं नाही, नुसता एक प्रोटॉन ये-जा करत होता. पंढरपूरला जाऊन आलात तर कुंकवाच्या दुकानांची रांग बघितली असेल, हळदीला चुन्यानं लाल करून कुंकू करायची जुनी रीत याच केमिस्ट्रीवर चालते. आपल्या आज्यांनी पीकेएचं कोष्टक न बघता ते केलं.

भाचीनं शेवटी एक अवघड प्रश्न आणला, तिला वाटलं मामा अडकणार. क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, नावात ॲसिड आहे, पीकेए ४.१ च्या आसपास, म्हणजे व्हिनेगरच्या वरताण, पण त्याच्यात कार्बोक्झिलिक गटच नाही. चार ओएच आहेत फक्त. मग ॲसिड कशाचं? मी म्हटलं तूच काढ. वीसेक मिनिटं गेली, दोन कागद फाडले. मग तिनं दाखवलं: दोन ओएच बाहेरच्या शेपटीवर आहेत, ते साधे अल्कोहोलसारखे, सोडून द्या. उरलेले दोन कडीतल्या डबल बाँडच्या दोन टोकांना. त्यातल्या तीन नंबरच्या कार्बनवरच्या ओएचचा प्रोटॉन गेला की चार्ज डबल बाँडमधनं सरळ पलीकडच्या कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर जातो, म्हणजे परत ॲसिटेटच झालं, मधी दोन कार्बन घुसलेलं. दोन नंबरच्या ओएचचा गेला तर चार्ज कार्बनवर जाऊन अडकतो, कार्बोनिलपर्यंत वाट नाही. म्हणून तीन नंबरचा आधी जातो. बरोबर होतं. मी काही बोललो नाही, कारण माझ्या वेळेला मला हे आलं नव्हतं.

टॉवेल ताईनं शेवटी साबण लावून, खळाखळा धुऊन गच्चीवर टाकला. करक्यूमिन उन्हात टिकत नाही, त्याची ती लांब साखळीच तुटते, आणि ऊन आमच्याकडं भरपूर. संध्याकाळपर्यंत डाग फिकट होऊन नुसती पिवळसर झाक राहिली होती, आणि भाची त्याच्यावर परत साबण लावून बघायच्या बेतात होती.